पात्याचे पोलाद

पात्याचे पोलाद म्हणजे चाकू, सुरी, विळा, कोयता, अडकित्ता यांसारख्या कापण्याच्या साधनांचे पाते ज्या पोलादापासून घडवले जाते ते पोलाद होय. लोखंड आणि कार्बन हे त्याचे मूळ घटक असून गरजेनुसार क्रोमियम, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, टंगस्टन, निओबियम, कोबाल्ट, नायट्रोजन इत्यादी मूलद्रव्ये त्यात मिसळली जातात. पाते किती काळ धारदार राहील, त्याला गंज लवकर चढेल की उशिरा, ताण आल्यावर ते वाकेल, तुटेल की त्याच्या धारेला खांडे पडतील, हे पोलादाची घटना, उष्णोपचार आणि पात्याचा आकार या तिन्हींवर अवलंबून असते.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून घडीच्या चाकूंच्या बाजारात पोलादाचे नाव हा किमतीचा एक मुख्य आधार बनला. विशेषतः मर्यादित संख्येत काढल्या जाणाऱ्या घडीच्या चाकूंची जाहिरात पोलादाच्या नावानेच होते. तथापि पोलादाचे नाव आणि पात्याची प्रत्यक्ष गुणवत्ता यांचा संबंध सरळ नसतो. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यासारख्या धान पिकवणाऱ्या प्रदेशात पोलादाची निवड हा छंदाचा नव्हे तर हंगामाच्या कामाचा प्रश्न असतो. पोलाद, काम आणि किंमत यांचा मेळ कसा घातला जातो हे तेथील विळ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

गुणधर्म

पात्याच्या पोलादाची तुलना साधारणतः पुढील पाच गुणधर्मांवरून केली जाते.

* कठिनता: दाबाला विरोध करण्याची क्षमता. ती रॉकवेल 'सी' मापनश्रेणीत (एचआरसी) मोजतात. या चाचणीत १२० अंशांच्या कोनाचा हिऱ्याचा शंकू १५० किलोग्रॅम भाराने पोलादात रुतवून खळगीची खोली मोजली जाते. घडीच्या चाकूंची पाती बहुधा ५६ ते ६३ एचआरसी असतात.
* चिवटपणा: आघात किंवा पीळ सोसण्याची क्षमता. कठिनता वाढवली की चिवटपणा सामान्यतः घटतो.
* झीजरोध: कापताना होणारी झीज सोसण्याची क्षमता. पोलादातील कार्बाइडचे कण जितके कठीण आणि जितके जास्त, तितका झीजरोध वाढतो.
* गंजरोध: हा पोलादाच्या मूळ धातूत विरघळून राहिलेल्या क्रोमियमवर अवलंबून असतो. कार्बाइडमध्ये अडकलेले क्रोमियम गंजापासून संरक्षण देत नाही.
* धार लावण्याची सुलभता: ही बहुधा झीजरोधाच्या उलट असते. उशिरा बोथट होणाऱ्या पात्याला पुन्हा धार लावण्यासही जास्त वेळ लागतो.

हे पाचही गुण एकाच पोलादात कमाल प्रमाणात मिळत नाहीत. प्रत्येक पोलाद ही एक तडजोड असते. त्यामुळे 'सर्वोत्तम पोलाद' ही संकल्पना कामाचा उल्लेख केल्याशिवाय अर्थहीन ठरते.

घटकांचे कार्य

कार्बनमुळे पोलाद कठीण होऊ शकते. सुमारे ०.६ टक्क्यांपर्यंतचा कार्बन प्रामुख्याने कठिनता वाढवतो, त्यापुढील कार्बन मुख्यतः कार्बाइड तयार करतो. क्रोमियम गंजरोध देते. व्हॅनेडियम अतिशय कठीण कार्बाइड तयार करते. विकर्स मापनश्रेणीत क्रोमियम कार्बाइडची कठिनता सुमारे १,५००, तर व्हॅनेडियम कार्बाइडची सुमारे २,८०० असते. धार लावण्याच्या नेहमीच्या दगडांतील ॲल्युमिनियम ऑक्साइडची कठिनता सुमारे २,००० असते. म्हणूनच व्हॅनेडियम जास्त असलेल्या पोलादाला साध्या दगडावर नीट धार येत नाही आणि हिऱ्याच्या कणांची पट्टी वापरावी लागते. नायट्रोजन काही प्रमाणात कार्बनची जागा घेते व गंजरोध टिकवून कठिनता देते.

निर्मितीच्या पद्धती

पारंपरिक पद्धतीत पोलाद वितळवून त्याचे ठोकळे ओतले जातात. ठोकळा हळूहळू थंड होत असल्याने मिश्रधातू जास्त असलेल्या पोलादात कार्बाइडचे मोठे कण तयार होतात. असे कण धारेवर आले की ते निखळून बारीक खांडे पडतात.

चूर्ण धातुविज्ञानाच्या पद्धतीत वितळलेल्या पोलादाचा प्रवाह वायूच्या झोताने फोडून त्याचे बारीक चूर्ण करतात व ते उष्णता आणि दाबाखाली पुन्हा एकसंध करतात. प्रत्येक थेंब क्षणार्धात गोठत असल्याने कार्बाइडचे कण लहान व सर्वत्र सारखे विखुरलेले राहतात. ही पद्धत खर्चिक आहे. त्यामुळे चूर्ण पोलाद साध्या पोलादाच्या कितीतरी पट महाग असते.

अमेरिकेतील क्रूसिबल या कंपनीने २००१ मध्ये एस३०व्ही, २००९ मध्ये एस३५व्हीएन आणि २०१९ मध्ये एस४५व्हीएन ही चूर्ण पोलादे बाजारात आणली. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी रचना केलेले मॅग्नाकट हे पोलाद २०२१ मध्ये आले. क्रोमियम कार्बाइड जवळपास टाळून क्रोमियम गंजरोधासाठी मोकळे ठेवणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. ऑस्ट्रियातील बोलर या कंपनीचे एम३९० आणि जपानमधील ताकेफू कंपनीचे व्हीजी-१० हीदेखील प्रसिद्ध पोलादे आहेत. यांपैकी एम३९० हे चूर्ण पोलाद आहे, तर व्हीजी-१० पारंपरिक पद्धतीने बनवतात.

प्रमुख पोलादांची तुलना

पुढील आकडे पोलादाच्या घोषित घटनेचे व नेहमीच्या कठिनतेचे आहेत. प्रत्येक उत्पादकाच्या उष्णोपचारानुसार कठिनता बदलू शकते.

| पोलाद | कार्बन (%) | क्रोमियम (%) | अन्य प्रमुख घटक | कठिनता (एचआरसी) | स्वभाव |
|---|---|---|---|---|---|
| ईएन-४५ | ०.५–०.६ | – | सिलिकॉन १.५–२ | ५२–५७ | अतिशय चिवट, गंजणारे, धार लावण्यास सोपे |
| १०९५ | ०.९–१.०३ | – | मँगनीज ०.३–०.५ | ५६–६० | बारीक धार, लवकर गंजणारे |
| ईएन-३१ | ०.९–१.१ | सुमारे १.५ | – | ५९–६२ | बारीक धार, चिवट, गंजणारे |
| ८सीआर१३एमओव्ही | सुमारे ०.८ | १३–१४.५ | मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम अल्प | ५६–५९ | स्वस्त, गंजरोधक, धार लावण्यास सोपे |
| ४४०सी | ०.९५–१.२ | १६–१८ | मॉलिब्डेनम ०.७५ पर्यंत | ५७–६० | गंजरोधक, मध्यम झीजरोध |
| १४सी२८एन | ०.६२ | १४ | नायट्रोजन ०.११ | ५८–६१ | चिवट, गंजरोधक, बारीक धार |
| डी२ | १.४–१.६ | ११–१३ | व्हॅनेडियम १.१ पर्यंत | ५८–६१ | झीजरोधक, अंशतः गंजरोधक |
| व्हीजी-१० | सुमारे १ | सुमारे १५ | कोबाल्ट सुमारे १.५ | ५९–६१ | गंजरोधक, बारीक धार |
| एस३५व्हीएन | सुमारे १.४ | १४ | व्हॅनेडियम ३, निओबियम ०.५ | ५८–६१ | समतोल चूर्ण पोलाद |
| एम३९० | १.९ | २० | व्हॅनेडियम ४ | ६०–६२ | झीजरोध उच्च, चिवटपणा मध्यम |
| मॅग्नाकट | १.१५ | १०.७ | व्हॅनेडियम ४, निओबियम २ | ६०–६४ | चिवटपणा व गंजरोध दोन्ही उच्च |

डी२ मधील क्रोमियम आकड्याने भरपूर दिसत असले तरी त्याचा मोठा भाग कार्बाइडमध्ये बांधला जातो. त्यामुळे त्याला पूर्ण गंजरोधक मानत नाहीत. याउलट मॅग्नाकटमध्ये क्रोमियम कमी असूनही गंजरोध जास्त असतो. केवळ घटकांची टक्केवारी पाहून गुण ठरवता येत नाहीत, याचे हे ठळक उदाहरण होय.

उष्णोपचार

पोलाद ठरावीक तापमानापर्यंत तापवून झटकन थंड करणे आणि नंतर मंद उष्णतेवर त्याचा ठिसूळपणा कमी करणे, या क्रियेला उष्णोपचार म्हणतात. लोहारकामात हिलाच 'पाणी देणे' किंवा 'पाणी पाजणे' असे म्हणतात. साध्या कार्बन पोलादाला सुमारे ८०० अंश सेल्सिअसचा ताव पुरतो. गंजरोधक पोलादांना मात्र १,०५० ते १,१०० अंशांपर्यंत तापमान लागते व ते काटेकोर राखावे लागते. त्यामुळे गंजरोधक पोलाद कोळशाच्या भट्टीवर समाधानकारक रीतीने कठीण करणे अवघड असते. काही कारखाने पाते द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांपर्यंत थंड करून त्याची कठिनता आणखी वाढवतात.

एकाच पोलादाची दोन पाती उष्णोपचारातील फरकामुळे पूर्णपणे वेगळी वागू शकतात. ५७ एचआरसीवर ठेवलेले महागडे चूर्ण पोलाद नीट पाणी दिलेल्या स्वस्त पोलादापुढे मागे पडू शकते, कारण मऊ धार झिजण्यापूर्वीच दुमडते. म्हणून पोलादाच्या नावाबरोबर कठिनतेचा आकडा घोषित केलेला आहे की नाही, याला खरेदीत महत्त्व असते.

पात्याचा आकार

धारेमागील जाडी आणि धारेचा कोन यांचा कापण्यावर होणारा परिणाम अनेकदा पोलादापेक्षाही जास्त असतो. घडीच्या चाकूची धार सामान्यतः प्रत्येक बाजूस १५ ते २० अंशांची असते. कोन लहान केला की पाते कमी जोरात कापते व जास्त काळ कापत राहते, परंतु ते पातळ झाल्याने खांडे पडण्याची शक्यता वाढते. चिवट पोलादाचा खरा फायदा हाच, की त्याला लहान कोनाची धार देता येते.

गोंदिया जिल्हा आणि विदर्भातील परंपरा

विदर्भातील लोहकामाची परंपरा प्राचीन आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी असलेल्या नैकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोखंड गाळण्याची भट्टी आढळली. महापाषाणयुगीन वस्त्यांच्या या पट्ट्यात कुऱ्हाडी, छिन्न्या, सुरे इत्यादी लोखंडी वस्तू मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. गोंदियाच्या उत्तरेस असलेल्या बालाघाट व मंडला परिसरातील आगरिया समाज मातीच्या भट्ट्यांत लोखंड गाळत असे. व्हेरिअर एल्विन यांनी या समाजावर लिहिलेला ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. दख्खनच्या पठारावर, विशेषतः आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम येथे, मुशीत तयार होणारे 'वूट्झ' पोलाद पश्चिम आशियात निर्यात होत असे. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के असे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. धान हे येथील मुख्य पीक आहे. खरीप धानाची कापणी प्रामुख्याने ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत होते. कापणीयंत्रांचा वापर वाढला असला तरी लहान बांध्यांत, ओल्या जमिनीत आणि लोळलेल्या पिकात विळाच वापरावा लागतो.

धानाचे पीक पात्यासाठी कठोर मानले जाते. धानाचे रोप जमिनीतून सिलिका शोषून पानांत व खोडात साठवते. कोरड्या वजनाच्या सुमारे दहा टक्क्यांपर्यंत हे प्रमाण जाऊ शकते. शिवाय बुडापाशी कापताना विळ्याला मातीतील वाळूचे कणही लागतात. खोडकिडीचा प्रादुर्भाव कमी करण्यासाठी धान जमिनीलगत कापावे, अशी शिफारस केली जाते. त्यामुळे पात्याची झीज टाळता येत नाही.

स्थानिक लोहार विळा, कोयता व कुऱ्हाड घडवण्यासाठी मालमोटारींचे जुने कमानपाटे वापरतात. कमानपाट्याचे पोलाद बहुधा ईएन-४५ किंवा त्याच्या जवळच्या प्रकारचे असते. ते भंगारात सहज मिळते, कोळशाच्या भट्टीवर तापवता येते आणि तेलात किंवा पाण्यात विझवून कठीण करता येते. विळा मुद्दाम इतपतच कठीण ठेवतात की त्याला कानशीने धार लावता यावी. शेतात खडा लागून खांडा पडला तर मजूर बांधावरच धार सुधारून काम पुढे चालू ठेवू शकतो. ६२ एचआरसीचे पाते दुप्पट काळ टिकले तरी त्यावर कानस चालत नाही. दिवसाच्या मजुरीच्या हिशोबात हा तोटा मोठा ठरतो.

दुसरा पर्याय म्हणजे दातेरी विळा. याच्या दात्यांमुळे धारेची लांबी वाढते व बराच काळ धार लावावी लागत नाही. 'वैभव' विळा हा याच प्रकारचा असून भातकापणीसाठी त्याची शिफारस केली जाते. त्याचे दाते झिजले की मात्र साध्या कानशीने ते पूर्ववत करणे कठीण असते.

मर्यादित उत्पादनाचे घडीचे चाकू

घडीच्या चाकूंचे उत्पादनाच्या पद्धतीनुसार तीन ढोबळ वर्ग केले जातात: कारखान्यात सातत्याने निघणारे नेहमीचे उत्पादन, नेहमीच्याच नमुन्याची वेगळ्या पोलादात किंवा मुठीत काढलेली मर्यादित आवृत्ती, आणि एकट्या कारागिराने घडवलेले हस्तनिर्मित चाकू. मर्यादित आवृत्तीची किंमत पुढील घटकांनी ठरते.

* पोलादाची किंमत: घडीच्या चाकूच्या पात्याला साधारण शंभर ग्रॅमच्या आसपासची पट्टी लागते. त्यामुळे महाग व स्वस्त पोलादातील कच्च्या मालाचा फरक विक्रीच्या किमतीतील फरकापेक्षा बराच कमी असतो.
* यंत्रकाम: झीजरोधक पोलाद घासण्यास वेळ लागतो आणि घासपट्टेही लवकर संपतात. हा खर्च अनेकदा पोलादाच्या खर्चापेक्षा जास्त असतो.
* मूठ व सांधा: टायटॅनियम, कार्बन तंतू, गोळ्यांचे बेअरिंग आणि कुलपाची अचूकता यांचा किमतीत मोठा वाटा असतो.
* दुर्मीळता: संख्या कमी असल्याने मिळणारी वाढीव किंमत. तिचा कापण्याच्या क्षमतेशी काहीही संबंध नसतो.
* आयातखर्च: भारतात विदेशी चाकूवर सीमाशुल्क, कर व वाहतूक यांचा भार पडतो. याउलट विळ्यासारख्या हाताने चालवायच्या शेती अवजारांना वस्तू व सेवा करातून सूट आहे.

पोलाद उत्पादकाची स्थितीही किमतीवर परिणाम करते. क्रूसिबल कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केल्यानंतर तिच्या पोलादांच्या पुरवठ्याबाबत अनिश्चितता निर्माण झाली होती.

किमतीची तुलना

किंमत योग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी त्याच नमुन्याच्या नेहमीच्या आवृत्तीशी तुलना करणे ही सर्वांत सोपी पद्धत होय. उदाहरणार्थ, समजा एखाद्या चाकूची नेहमीची आवृत्ती १४सी२८एन पोलादात ६,००० रुपयांना आणि मर्यादित आवृत्ती एम३९० पोलादात १५,००० रुपयांना मिळते. मूठ व कुलूप तेच असतील तर ९,००० रुपयांचा फरक पोलाद, त्याचे यंत्रकाम आणि दुर्मीळता यांचाच असतो. पुठ्ठे कापणाऱ्या व्यक्तीला पंधरवड्याऐवजी महिन्यातून एकदा धार लावावी लागली, तर वर्षाला सुमारे बारा वेळा धार लावण्याचे श्रम वाचतात. मात्र प्रत्येक वेळचे काम जास्त वेळ घेते आणि हिऱ्याच्या पट्टीचा खर्च वेगळा होतो. फळे कापणे, दोरी कापणे अशा किरकोळ वापरात हा फरक जाणवतही नाही. अशा वेळी जास्तीची रक्कम उपयोगासाठी नव्हे, तर संग्रहमूल्यासाठी दिलेली असते.

पोलादाची पडताळणी

पात्यावर कोरलेले पोलादाचे नाव हे मूलतः विक्रेत्याचे विधान असते. नावाजलेल्या चाकूंच्या हुबेहूब नकलांवरही महागड्या पोलादांची नावे कोरलेली आढळतात. पडताळणीच्या पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

* चुंबक: पात्यासाठी वापरली जाणारी कठीण गंजरोधक पोलादेही चुंबकाला चिकटतात. त्यामुळे 'चुंबक चिकटला म्हणजे पाते गंजणारे' हा समज चुकीचा आहे.
* कानस: कानस सहज चावत असेल तर पाते मऊ आहे इतकेच कळते. पोलादाचा प्रकार कळत नाही.
* ठिणगी: सहाणेच्या चाकावर उडणाऱ्या ठिणग्यांच्या फुलोऱ्यावरून अनुभवी कारागीर कार्बनच्या प्रमाणाचा अंदाज करतात. साध्या कार्बन पोलादाच्या ठिणग्या जास्त फुटतात.
* क्ष-किरण प्रतिदीप्ती: हातात धरण्याच्या यंत्राने क्रोमियम, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम इत्यादी मोजता येतात. कार्बन मात्र मोजता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील प्रकाशीय वर्णपट विश्लेषण लागते.
* रॉकवेल चाचणी: यामुळे उष्णोपचाराचा दर्जा कळतो, परंतु पात्यावर लहान खळगी राहते.

कायदेशीर स्थिती

भारतात धारदार शस्त्रांचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. अधिसूचित क्षेत्रांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या शस्त्रांवर निर्बंध लागू होतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक उपयोगाची साधने त्यातून वगळलेली असतात.

याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ नुसार जिल्हा दंडाधिकारी ठरावीक काळासाठी सार्वजनिक ठिकाणी चाकूसह शस्त्रे बाळगण्यास मनाई करू शकतात. सण, मोर्चे व निवडणुकांच्या काळात असे आदेश वारंवार निघतात. त्यांचे उल्लंघन कलम १३५ नुसार शिक्षापात्र आहे. त्यामुळे घरी किंवा शेतात वैध असलेला घडीचा चाकू अशा काळात खिशात बाळगणे गुन्हा ठरू शकते. विमानप्रवासात चाकू हातसामानात नेता येत नाही.

निगा

कार्बन पोलादाचे पाते वापरानंतर पुसून कोरडे करून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवतात. लिंबू, चिंच, कैरी अशा आंबट पदार्थांनी त्यावर डाग पडतात. पावसाळ्यात गंजरोधक पोलादाच्या चाकूचाही सांधा उघडून कोरडा करणे आवश्यक असते, कारण तेथे ओलावा साचतो. सहाणेच्या चाकावर धार लावताना पाते निळे पडले, तर त्या भागाचे पाणी उतरले असे समजतात. अशा ठिकाणी कठिनता कमी झालेली असते आणि धार टिकत नाही. हे टाळण्यासाठी पाते वारंवार पाण्यात बुडवून थंड ठेवतात.

हे सुद्धा पहा

* पोलाद
* विळा
* अडकित्ता
* लोहार
* वूट्झ पोलाद
* रामपुरी चाकू
* गोंदिया जिल्हा